कानात घालायच्या राहिलेल्या कुड्या

आईच्या माहेरची रीत अशी होती की सोनं सुनेला जाई आणि मोती लेकीला. मोती म्हणजे कुड्यांचा एकच जोड: मध्ये एक मोती, भोवती सहा, मागे फिरकी. तो पणजीकडून आजीकडे आणि आजीकडून आईकडे आला. मोती बसऱ्याचे आहेत असं घरात सांगितलं जाई; सराफाकडून खात्री कोणी करून घेतली नव्हती.

देण्याची वेळही ठरलेली होती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की बारशाच्या दिवशी आईने स्वतःच्या हाताने तिच्या कानात कुड्या घालायच्या. लग्नात नाही, दिवाळीला नाही. हे कोणी ठरवलं ते आईलाही माहीत नव्हतं.

माझी मोठी बहीण लग्न होऊन उंबरगावला गेली. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. सुरुवातीची काही वर्षं आई दिवाळीत करंडा उघडून कुड्या कापसाने पुसायची आणि म्हणायची, "होईल." पुढे ती नुसतीच पुसायची. ताईने विषय काढला नाही. एकदाच, स्वयंपाकघरात भाजी निवडताना, ती मला म्हणाली, "नुसत्या घातल्या असत्या तरी चाललं असतं मला."

२०१६च्या पावसाळ्यानंतर आईचं विसरणं वाढलं. सरावलीच्या घरात तेव्हा आई आणि मी, दोघंच होतो. भांडी घासायला रानशेतची एक तरुण बाई यायची. एका सकाळी आईने तिला पाटावर बसवलं, ओटीत तांदूळ घातले, नारळ सापडेना म्हणून चिकू घातला, आणि करंड्यातून कुड्या काढून तिच्या कानात घातल्या. फिरक्या नीट बसल्या का ते दोनदा पाहिलं.

"बाळ दूध पितं का?" आईने विचारलं.

तिचं मूल घरी सासूजवळ होतं. ती म्हणाली, "पितो ना, आजी. रात्रभर रडतो पण."

"रडू दे. तूही अशीच रडायचीस."

ती दोन्ही हातांनी कान धरून मागच्या पडवीत आली. "दादा, आधी हे काढून घ्या. हरवलं तर मी कुठून भरून देऊ?"

कुड्या करंड्यात परत गेल्या. दोन दिवसांनी आईने करंडा उघडला. कुड्या दिसल्या म्हणजे लेकीला द्यायच्या राहिल्या, असं तिने धरलं आणि शेजारच्या सुनेला हाक मारली. मी एकदा त्या कपाटात लपवून पाहिल्या. रिकामा करंडा पाहून ती दिवसभर घर शोधत राहिली आणि जेवली नाही. मग कुड्या पुन्हा जागेवर ठेवल्या. द्यायच्या आणि परत घ्यायच्या, हेच सुरू राहिलं.

कोणी नको म्हणालं नाही. भरलेली ओटी नाकारायची नसते. तपासायला येणारी नर्स, झाईहून मासे घेऊन येणाऱ्या कोळणीची मुलगी, शेजारची गुजराती सून. सगळ्या पुढच्या दाराने बाहेर पडत आणि मागच्या दाराने कुड्या आणून देत. दुसऱ्याची वस्तू रिकाम्या हाताने परत करायची नाही, म्हणून सोबत काहीतरी असे. कधी ढोकळा, कधी मूठभर सुके बोंबील.

"भाई, मी तिसऱ्यांदा बाळंत झाले," शेजारची सून म्हणाली. "सासूला सांगू नका, डिंकाचे लाडू करायला बसेल."

"या वेळी काय झालं?"

"पुन्हा मुलगाच. तुमच्या आईला मुलगी चालत नाही."

कापसात पिवळट पडलेले मोती त्या महिन्यांत उजळ दिसू लागले. अंगावर राहिला की मोती टिकतो, असं आई पूर्वी सांगायची. तेच कारण होतं, की आता ते सारखे पुसले जात होते, हे सांगता येणार नाही.

ताई महिन्यातून एकदा येऊन जायची. मधल्या काळात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं येणं थांबलं. कुड्यांचं मी तिला फोनवर सांगितलं, बाळाबद्दलचं सोडून. ती आधी हसली. मग म्हणाली, "सगळ्यांना देते?"

"बहुतेक सगळ्यांना."

"मग मी रविवारी येते."

ती बसने आली. गुडघा अजून दुखत होता. आल्यावर लक्षात आलं की तिचे कान मोकळे होते. रोजची सोन्याची फुलं तिने बसमध्येच काढून पर्समध्ये ठेवली होती. कोऱ्या ब्लाउजपीसची घडी आणि नारळही तिनेच आणला होता, ओटीला काही कमी पडू नये म्हणून.

आई खिडकीशी बसली होती. ताई समोर पाटावर बसली. खाली बसताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. तिचे केस आजारपणात बरेच पांढरे झाले होते.

"अहो, खाली कशाला? खुर्चीवर बसा," आई म्हणाली. "कुठल्या तुम्ही?"

"उंबरगावच्या."

"माझी लेक तिकडेच दिली आहे. मुलगा झालाय तिला. दूध चांगलं पितो."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग आईला म्हणाली, "हो का."

आईने करंडा उघडला. कुड्या तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरल्या. ताईने हात पुढे केला नाही. मान थोडी वळवून ती कान आईकडे करून बसली. आईने तिच्या कानाकडे पाहिलं.

"तुमचे कान असे मोकळे कसे? आईने काही घातलं नाही?"

"घालणार होती."

"मग?"

"राहून गेलं."

"असं राहू देऊ नये," आई म्हणाली. "या तिच्यासाठी आहेत. बारशाला येईल तेव्हा घालणार. तुम्हाला भेटली तर सांगा, वाट बघते म्हणून."

"सांगते."

आईने कुड्या करंड्यात ठेवल्या आणि झाकण लावलं. ताईने आणलेला नारळ तिने ठेवून घेतला; लेकीच्या ओटीला उपयोगी पडेल, असं म्हणाली.

दुपारी मी ताईला बसथांब्यावर सोडायला गेलो. बस उशिरा आली. तोवर तिने पर्समधून फुलं काढून कानात घातली. डाव्या कानाची फिरकी बोटातून सुटत होती. मी लावू का विचारलं, तर नको म्हणाली.

पुढच्या वर्षी थंडीत आई गेली. तेरावं झाल्यावर मी करंडा ताईपुढे ठेवला. तिने कुड्या बाहेर काढल्या, कापसाने पुसल्या आणि परत आत ठेवल्या.

"घेऊन जा," मी म्हणालो.

"कोण घालणार?"

करंडा माझ्याकडे आहे. ताई दिवाळीला येते आणि कुड्या पुसून जाते. मोती पुन्हा पिवळे पडू लागले आहेत.