पत्र्यासमोरची माफी

तुरुंगातल्या माफीच्या वर्गाला सगळ्यात जास्त नावं ठेवायचा तो लिफ्टवाला. आत येण्याआधी लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून हे नाव. वर्ग घेणाऱ्या बाई बाहेरून यायच्या आणि फार गोड बोलायच्या. तुरुंगात काच चालत नाही, म्हणून त्यांनी आरशाऐवजी भिंतीवर चकचकीत पत्रा लावून घेतला. त्यात ज्याचं त्याचं तोंड गालगुंड झाल्यासारखं दिसे. शेवटच्या दिवशी त्या तोंडाकडे बघून ‘मी तुला माफ केलं’ म्हणायचं, की बाई शिफारस करणार आणि शिक्षेत सूट मिळणार. इतकी स्वस्त माफी देवसुद्धा देत नसेल.

लोकांच्या ठेवी बुडवून आलेल्या शेठने तर पहिल्याच दिवशी सरावात स्वतःला माफ करून टाकलं. डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि जेवणाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे घुसला. बायकोचा हात मोडून आत आलेला एक जण स्वतःला इतक्या मायेने समजावायचा, की हात याचाच मोडलाय असं वाटावं.

लिफ्टवाला मागे बसून नाक मुरडायचा. आपण या नगांपैकी नाही, अशी त्याची खात्री होती. त्याच्यामुळे एक निवृत्त शिक्षिका गेली होती. चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराचं कुलूप बिघडलं होतं. ते बिघडलं की लिफ्ट जागची हलू नये, अशीच तिची रचना असते. याने तारेचा तुकडा जोडून कुलपाला बगल दिली आणि लिफ्ट चालू करून दिली. दुसऱ्या दिवशी लिफ्ट खाली असताना दार उघडलं आणि त्या शिक्षिका आत पडल्या. ‘इमारतीतले लोक डोक्यावर बसले होते, घाई करत होते,’ हे त्याने कोर्टात सांगितलं, बायकोला सांगितलं आणि सांगून सांगून स्वतःच्याही गळी उतरवलं.

बायको भेटीला आली ती जाळीपलीकडे बसताच म्हणाली, “म्हणून टाका की ते वाक्य. तोंड झिजतं का?”

“इतकं सोपं नसतं ते.”

“तुमचं आपलं सगळं उच्च. पश्चात्तापसुद्धा भारीतला. इथे तुम्ही मान खाली घालून बसता आणि तुमच्या आईचं हगणं-मुतणं मी काढते.”

त्याला ते झोंबलं. सूट मिळवायचीच, असं ठरवून तो शेवटच्या दिवशी पत्र्यासमोर उभा राहिला. गाल फुगलेला तो इसम त्याच्याकडे बघत होता. माफ करायचं तर कशाबद्दल, हे तरी आधी बोलायला हवं, असं त्याला वाटलं आणि तिथेच घात झाला.

“नवीन कुलूप माझ्या पिशवीत होतं,” तो म्हणाला. “बसवायचा कंटाळा आला. मला घरी जाऊन झोपायचं होतं. घाई कर असं कोणीच म्हणालं नव्हतं.”

मागे शेठ खाकरला. बाई हसून म्हणाल्या, “छान मोकळे झालात. आता आपलं वाक्य म्हणा.”

“नाही म्हणता येत.”

वाक्य नाही म्हणून शिफारसही नाही. शेठची झाली.

पुढच्या भेटीत त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती चिडेल, रडेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. खरं बोलल्याबद्दल ती थोडी वाहवा करेल, अशीही एक हलकट आशा होती.

“त्या लिफ्टमध्ये पडलेल्या बाईंची मुलगी एकदा घरी आली होती,” ती म्हणाली. “आई कशी गेली, एवढंच विचारत होती. मी तिला दारातूनच हाकललं. तुमच्याच घाईने मेली तुझी आई, असं म्हटलं.”

त्याने जाळीला हात लावला. तिने आपला हात मांडीवरून उचलला नाही.

“सूट गेली ते राहू द्या. आता तिच्या घरी मला जावं लागणार.”

भेटीची वेळ अजून शिल्लक होती, पण ती उठली.