न जाळलेला दोरा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सकाळी शाळेत शिकवायला जाताना मी लिंबायतच्या लूमवस्तीत एका टपरीवर चहा घ्यायचो, तेव्हा एक विणकर लूमवरची रात्रपाळी संपवून आलेला असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. मशीनच्या खडखडाटाची सवय, म्हणून शेजारी बसूनही ओरडून बोलायचा. कुणी कापड दाखवलं की त्यातला दोरा उपसून पेटत्या काडीवर धरायचा. वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर, राख झाली तर सूत. त्याच्या निकालापुढे कुणी बोलत नसे.

त्याच्याच खात्यातला एक कामगार सांगत सुटला होता, की आपल्या दंडावरच्या फोडांतून निळे धागे निघतात. डॉक्टर हसले होते. टपरीवर दोन तट पडले. काही म्हणत, रंगाच्या पाण्याचा रोग आहे; बाकीचे म्हणत, डोकं फिरलंय. मनातून मीही बाकीच्यांतलाच.

एकदा प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं. शेवटी त्या कामगाराने कागदाची पुडी उघडून एक धागा विणकरासमोर धरला.

"जाळ! होऊन जाऊ दे फैसला!" सगळे ओरडले.

विणकराने काडी ओढली. कामगाराचा ओरबाडलेला दंड पाहिला आणि काडीवर फुंकर मारली.

"दोरा कोठलाबी ऱ्हावो, खाज तं खरी शे ना?" पहिल्यांदाच तो हळू बोलला. "चाल, दुसरा डॉक्टर देखू."

दोघं रिक्षात बसले. पुडी बाकावरच राहिली होती. मी ती उंच धरून हाक मारली, तर त्या कामगाराने वळून पाहिलं आणि राहू द्या म्हणून हात हलवला.