झग्याची लाल कोर

आमच्या अमरावतीच्या शाळेत पोरींच्या पांढऱ्या झग्याला लाल कोर असते. पाद्रीबुवा म्हणतात, ती हुतात्म्यांच्या रक्ताची खूण. काहीतरीच! ती माझ्या आईनं लावली.

कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हाची गोष्ट. बाबांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या आणि त्याच तोऱ्यात मला गोऱ्या जोगिणींच्या, म्हणजे ननांच्या, शाळेत घातलं. बाकी पोरी अनाथ, घरून येणारी मी एकटीच. शाळा मला फार आवडायची.

एका सणाला त्यांच्यातल्या थोरल्या मदरबाईंनी सगळ्यांना पांढरेशुभ्र झगे दिले. मी मिरवत घरी गेले. आईनं पाहिलं आणि मटकन खालीच बसली. आमच्यात पांढरं नेसते ती विधवा, आणि माझं तर लग्न ठरलेलं.

"सोयऱ्यायनं पाह्यलं तं?" बाबा कडाडले. "उद्यापासून शाळा बंद."

मी रडून घर डोक्यावर घेतलं. आई उठली. तिनं जुन्या लाल लुगड्याचा काठ फाडला आणि झग्याला सगळीकडून कोर लावली. "आता जाऊ द्या तिले," ती बाबांना म्हणाली.

बाबा मिशी ओढत राहिले. "मदरबाईले चाललं तं जाईन. नाई तं नाई."

मदरबाईंना बटण तुटलेलं खपत नसे, ही तर अख्खी कोर! सकाळी आईही सोबत आली. मदरबाईंनी कोर बोटानं चाचपली. "हे कोणी केलं?"

"म्या," आई म्हणाली. "आमच्यात नवरा मेल्यावर पांढरं नेसतात, बाई. तुमाले ठाव नसन. अन् या बाकीच्या पोरीयले माय नाई, म्हनून त्यायनं असंच फिराचं काय?"

मदरबाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या आत गेल्या. संपलं, असंच मला वाटलं. पण त्या सगळे झगे घेऊन आल्या आणि आईसमोर ठेवले. म्हणाल्या, "यांनाही लावाल?"

आई तिथंच ओसरीवर बसली. अनाथ पोरी तिला चिकटून बसल्या. एक तर मांडीवरच झोपली. मला जरा रागच आला, पण आईला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय म्हने मदरबाई?"

"पोरगी तं जाईनच," आई म्हणाली. "उद्या मीबी जातो. झगे रायले आहेत."

बाबा बैलांकडे वळले. मग म्हणाले, "मंग बंडी जुपतो. पायी काहून जाता?"