हर्शेलकाकाचा हुकलेला बहर

हर्शेल नोल्स हा तिरसट म्हातारा आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला संत करून ठेवाल. वय बाहत्तर. बायको नाही, मूल नाही. नदीकाठच्या दलदलीत फळ्यांच्या माचांवर ठेवलेल्या ऐंशी मधपेट्या, एवढाच त्याचा संसार. मागच्या वर्षी काउंटीची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, डासांची फवारणी गाडी तिथून गेली आणि सहा पेट्यांतल्या माश्या मेल्या. दुसऱ्या दिवशी काकानं बंदूक काढली आणि त्या गाडीच्या टाकीला तीन भोकं पाडली. गाडीत कुणी नव्हतं, म्हणून तुरुंगाऐवजी दोन वर्षांचं प्रोबेशन मिळालं. महिन्याला हजेरी लावायची, बंदुकीला हात लावायचा नाही आणि परवानगीशिवाय काउंटीबाहेर पाऊल टाकायचं नाही.

आता काउंटीची हद्द जाते नदीच्या मधोमध. पण आमच्यात दोन काठ वेगळे मानतो कोण? अलीकडे झोपायचं, पलीकडे मासे धरायचे. एप्रिलमध्ये पाणी चढलं तशा काकानं सगळ्या पेट्या होडीतून पलीकडच्या उंच काठावर नेल्या. विचारलं कुणालाच नाही. प्रोबेशनचा नवा अधिकारी शहरातून आलेला. त्यानं नकाशा पाहिला, कोर्टाला कळवलं आणि वॉरंट निघालं.

मी ट्विला. तुरुंगासमोर माझं जामिनाचं दुकान आहे, फी घेऊन लोकांना जामीन राहते, सव्वीस वर्षं झाली. इथली रीत अशी की वॉरंटचं मला आधी कळतं. मी माणसाला बोलावते, कागद करून ठेवते, तो रस्ता ओलांडून हजर होतो आणि संध्याकाळी जेवायला घरी असतो.

"काका, शुक्रवारी सकाळी आपणहून हजर व्हा," मी म्हटलं.

"आणि पेट्या? आठवड्याभरात ट्युपेलो फुलेल." ट्युपेलो हे दलदलीतलं झाड, वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे फुलतं, आणि त्याच्या फिक्या मधावरच काकाचं वर्ष निघतं.

"संध्याकाळी घरी असाल. मी काय काल दुकान टाकलंय?"

"तू म्हणतेस म्हणून जातो. नाहीतर त्या दलदलीत मला हुडकणं यांच्या बापाला जमायचं नाही."

ते खरंच होतं.

वॉरंटवर खाली एक ओळ होती, ती मी वाचलीच नाही. 'जामीन नाही.' नव्या गुन्ह्यात धरलेल्याला जामीन मिळतो, कारण त्याचा गुन्हा अजून ठरायचा असतो. प्रोबेशनवाल्याचा ठरून गेलेला असतो, तो बाहेर असतो कोर्टाच्या मेहरबानीवर. अट मोडली की सोडायचं की नाही ते फक्त न्यायाधीशाच्या हातात. आमच्याकडे न्यायाधीश येतात महिन्यातून दोन सोमवार, म्हणून अशांनी त्याच सोमवारी सकाळी हजर व्हायचं. हे मी शंभर जणांना सांगितलंय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तशी गत माझी. काका शुक्रवारी हजर झाला तो आतच अडकला, आणि न्यायाधीशांचा पुढचा सोमवार दहा दिवसांवर होता.

भेटीला गेले तर काचेपलीकडून शिव्या येतील असं वाटलं होतं. म्हातारा शांत होता.

"ऐक. एक दिवसाआड पुलावर जा. फुलं उघडली की मला सांग. मग मी ल्युथरला निरोप देतो, तो भरलेल्या चौकटी काढून रिकाम्या चढवेल. आधी काढल्या तर माश्या उपाशी मरतात. उशीर केला तर दुसऱ्या फुलांचा काळा मध मिसळतो, मग त्याला ट्युपेलो म्हणायचं नाही."

ल्युथर त्याचा जुना दोस्त, पण त्याच्या पेट्या नदीच्या खूप वरच्या अंगाला, जिथे बहर उशिरा येतो. त्याला आपणहून कळणार नव्हतं.

सहाव्या दिवशी फुललं. पुलावर उभं राहिलं तरी गुणगुण ऐकू येत होती. मी तशीच तुरुंगात गेले. काका काचेमागे येऊन बसला, दाढी वाढलेली. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता त्याच्या.

"उघडली का?"

"नाही काका. कळ्याच आहेत अजून."

तो हसला. आत गेल्यापासून पहिल्यांदा.

"मग सोमवारी मीच करतो की. ल्युथरचे हात म्हणजे कुदळ."

फुललं म्हटलं असतं तर तो आत आणखी तळमळला असता; चारच दिवसांचा तर प्रश्न, असं मी मनाला समजावलं. सोमवारी न्यायाधीश आजारी पडले. तारीख दोन आठवडे पुढे गेली. तेव्हा मी ल्युथरकडे धावले. तो म्हणाला, "आता माझाच बहर सुरू झालाय, ट्विला. चार दिवस आधी यायचंस." काकाला खरं सांगायचं धाडस मात्र मला त्यानंतरही झालं नाही. जाईन तेव्हा कळ्याच सांगत राहिले.

चोविसाव्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला चार मिनिटांत सोडलं. पुढच्या वेळी विचारून जा, एवढंच म्हणाले. वरातीमागून घोडं.

मीच त्याला काठावर नेलं. पेट्या गच्च भरलेल्या, जागा पुरेना म्हणून माश्यांच्या निम्म्या वसाहती उडून गेलेल्या. काकानं एका चौकटीत बोट बुडवून चाटलं. रंग काळपट होता.

"कधी फुललं?"

"तुम्ही आत गेल्यावर सहाव्या दिवशी."

"त्या दिवशी तू आली होतीस."

"हो."

त्यानं बोट पँटला पुसलं. "ती ओळ वाचायची राहिली, ते होतं माणसाकडून. पण फुलांचं मी तुला विचारलं होतं, पोरी."

उरलेल्या पेट्या त्यानं त्याच आठवड्यात ल्युथरला देऊन टाकल्या. माझ्या दुकानावरून जातो तेव्हा टोपीला हात लावतो, पण थांबत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.