अॅल्युमिनियमवरचा डाग

मोरेश्वर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मोजत होते. रडण्याआधी मी शोकसभेची यादी केली… हार, फोटो, खुर्च्या, नाश्ता, टेबलावर कापड. सवयच तशी. त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांची मला अजून किळस येते.

पवनीच्या आमच्या शाळेत सरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. त्यांचे वडील विणकर. छापील तक्ता दोन वर्षांत फाटतो, म्हणून सरांनी आवर्तसारणी त्यांच्याकडून हातमागावर विणून घेतली. डावीकडचे धातू निळे, उजवीकडचे अधातू पिवळे आणि मधल्या पायऱ्यांवरचे धातुसदृश दोन्ही सुतांचे, म्हणून हिरवट. वडिलांनी हायड्रोजनही निळाच विणला. सरांनी तो उकलायला सांगितला.

"एका घरासाठी पुरा पट्टा उकलू? कायले?"

"बाबा, तो बसला डावीकडं, पण धातू नाही. पोरं जन्मभर चुकीचं सांगतील."

"मंग त्यालेच सांग न, आपल्या जागी जाऊन बस म्हणून."

कुरकुरत का होईना, त्यांनी उकललं. त्या कापडाला बोट लावण्याआधी सर प्रत्येकाला हात धुवायला पाठवत. मलाही. "मॅडम, तुमी बी."

शोकसभेच्या दिवशी शिपायाने माझी यादी वाचली आणि प्रयोगशाळेतलं तेच कापड प्रमुख पाहुण्यांपुढे अंथरलं. मी मागे प्लेटा मोजत होते. वर पाहिलं तेव्हा पाहुण्यांनी पोह्यांवरच्या तर्रीची बोटं कापडाला पुसली होती आणि 'सर म्हणजे सोनं' असं ते माइकवर सांगत होते. लोक माना डोलवत कटोऱ्या खरवडत होते. तरी मी पुढे जाऊन कापड ओढलं नाही… कार्यक्रम ठरल्याप्रमाणे चालला होता ना.

नंतर शिपायाला झापलं. तो म्हणाला, "तुमच्याच यादीत होतं न, मॅडम."

होतं.

कापड तीनदा धुतलं, पुन्हा भिंतीवर लावलं. डाग नेमका अॅल्युमिनियमवर आहे. निळ्यात हळद मुरून तो चौकोन हिरवट झालाय, शेजारच्या सिलिकॉनसारखा. परवा नववीतल्या एका मुलीने हात धुऊन त्याच्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हा धातुसदृश न?"

"नाही. धातूच आहे. ते हिरवं तर्रीचं आहे."

सरांचे वडीलही आता नाहीत. उकलून पुन्हा विणणारं कोणी उरलं नाही. म्हणून प्रत्येक वर्गाला हे मीच सांगते, हात धुऊन.