सिस्टरांनी केलेली खांदमळणी

आमच्या शालन सिस्टरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्यावर पुस्तक काढायचं ठरलं आणि मंडळी माझ्याही दारात आली. अक्षर मला ओळखत नाही आणि मीही कधी त्याच्या वाटेला गेले नाही. तेव्हा मी सांगते आणि सून लिहिते. वाक्य गोड लागलं तर ते तिचं, टोचलं तर माझं.

सिस्टरांची आणि माझी पहिली गाठ भांडणानंच पडली. आमचं धनगराचं घर, वडूजच्या पूर्वेला माळावर. त्या कडेगावकडच्या, उसाच्या हिरव्या मुलखातल्या. माझी नात कोमल तेव्हा पाळण्यात होती. पांढऱ्या साडीतली एक बाई लसीची पेटी घेऊन दारात उभी राहिली, आणि आमच्या कुत्र्यानं तिची एक चप्पल पळवली. मी म्हणाले, "पोर निजलंय. उद्या या."

"उठंल तवर बसते की," म्हणून त्या उंबऱ्यावर बसल्याच.

"तुमास्नी दुसरं काम न्हाई व्हय?"

"हाय की. पर चप्पल तुमच्या कुत्र्याकडं हाय."

कोमल उठली, सुई टोचली गेली, ती रडली, आणि माझ्याआधी त्यांनीच तिला उचलून घेतलं. चप्पल काही सापडली नाही. माझ्या मालकांच्या करकरणाऱ्या वहाणा घालून सिस्टर गावातून गेल्या. गाव लय दिवस हसलं. त्याही हसल्या, म्हणून आमचं जमलं.

त्यांच्या कामाचं मोजमाप शिकलेली माणसं करतील. मला दिसलं ते एवढंच, की त्यांनी ज्याला त्याला हात धुवायला लावले. बाळंतिणीची सासू असो नाहीतर सरपंच असो. एकदा मी म्हणाले, "आवं सिस्टर, हात धुऊन धुऊन रेषा गेल्या माज्या. आता जोतिषाला काय दावू?" त्या म्हणाल्या, "साबण दावा."

कोमल त्यांच्या पदराला धरूनच मोठी झाली. नर्सिंग शिकायला सांगलीला गेली ती त्यांच्या शब्दावर, आणि शिकून नोकरीला लागली ती इथल्या सरकारी दवाखान्यात, त्यांच्याच हाताखाली.

मग करोना आला. सुरुवातीला अंगात घालायला धड पोशाखही नव्हते. पोरी रेनकोट घालून वॉर्डात जात. सिस्टरांनी पोशाख घालायला शिकवलं, पण त्याहून जास्त काढायला शिकवलं. म्हणत, "घालताना न्हाई, काढताना घात हुतो." दुसरा नियम केला तो जेवणाचा. वॉर्डात सगळ्यांची तोंडं झाकलेली असतात. मास्क खाली येतो तो जेवणाच्या खोलीत, म्हणून तिथंच जपायचं. एकेकीनं जायचं, भिंतीकडं तोंड करून जेवायचं आणि उठायचं. आमच्याकडे डबा एकटीचा कधी नसतो. मी कोमलजवळ चौघींच्या भाकरी देत असे. भाकरी तशाच परत यायला लागल्या, तशी मी दवाखान्याच्या फाटकावर गेले.

"माज्या भाकरीत काय इख हाय व्हय?"

सिस्टर आतून, लांबूनच म्हणाल्या, "भाकरीत न्हाई आजी, गप्पांत हाय. बाया जेवाय बसल्या आन् गप ऱ्हायल्या, असं कवा बघितलंय का तुमी?"

बघितलं नव्हतं. मी डबा घेऊन माघारी आले.

पोरी त्यांना मागून 'सासू' म्हणत. पण ही सासू दवाखान्यामागच्या खोलीत राहायची, कारण फौजेतून निवृत्त झालेल्या तिच्या मालकांना दमा होता आणि आपल्या अंगावरून घरी काही जायला नको होतं. ज्यांची लेकरं लहान, त्यांच्या वॉर्डातल्या पाळ्याही ती स्वतःच करायची. हे पोरींना माहीत होतं, म्हणून तर त्या मागूनच म्हणत.

मग बेंदूर आला, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा. बेंदराच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांची खांदमळणी करतो. जुवानं घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं, आणि सणादिवशी त्याला काम सांगायचं नाही. त्या संध्याकाळी सिस्टरांनी पोरींना ओळीनं उभं केलं. मास्कनं सोललेल्या नाकांना, दोरीनं कापलेल्या कानांना एकेकीला लोणी लावलं. दर पोरीनंतर हात धुतले, हे सांगायला नकोच. कोमलचा फोन आला, "आजी, सिस्टरांनी आमची खांदमळणी केली. आता शिंगं रंगवायची तेवढी ऱ्हायली!" आणि खिदळत राहिली.

सणादिवशी मी पुरणपोळ्या पाठवल्या. पोरी म्हणाल्या, "सिस्टर, आजच्या दिवस बसू का एकत्र?" सिस्टर त्यांच्या तोंडांकडे बघत राहिल्या म्हणे. मग म्हणाल्या, "बसा. पर बिगीबिगी."

पुढे त्यातल्या तिघींना ताप भरला. दोघी बऱ्या झाल्या. कोमलला सांगलीला न्यावं लागलं. रुग्णवाहिकेत सिस्टर तिच्याबरोबर बसून गेल्या. परत आल्या त्या एकट्या. आम्हाला पोरीचं तोंडही बघायला मिळालं नाही.

सून इथं लिहायची थांबली. कोमलची आई तीच. पाणी पिऊन आली, आता पुढं सांगते.

त्या दिवशी सिस्टर अंगणातच उभ्या राहिल्या. वर या म्हटलं तरी येईनात. "आजी, बसा म्हणून मीच म्हणाले," एवढंच बोलल्या आणि गेल्या. त्यानंतर त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नाही. माझ्या बीपीच्या गोळ्या मात्र आशाताईंच्या हातून न चुकता येतात. कोण पाठवतं ते सांगायचं नाही, अशी त्यांना ताकीद आहे. माझे डोळे अधू झालेत, डोकं नाही.

आता मंडळी सांगतात की सिस्टर सत्काराला नाही म्हणतात. "एक पोर राखता आली न्हाई, माझा कसला गौरव?" आणि असंही कळलं, की त्या बेंदरापासून त्या कुणाच्या पंगतीला बसल्या नाहीत. नोकरीच्या शेवटच्या दिवशीही भिंतीकडं तोंड करून डबा खाल्ला. घरीसुद्धा तसंच.

शालनबाई, दोष वाटायचाच तर पंक्तीनं वाटू. पोळ्या माझ्या होत्या. सण बैलांचा होता. एकत्र बसायची हौस पोरींची होती. आणि ताप जेवणाच्या खोलीत धरला, की वॉर्डात कुण्या म्हाताऱ्याची कूस बदलताना धरला, ते कुणी बघितलंय? मोठ्या डॉक्टरांना सांगता आलं नाही, ते तुम्ही एकट्यानं कसं ठरवलंत? वर्षातून एक दिवस आम्ही बैलाच्या मानेवरचंही जू उतरवतो. तुम्ही माझ्या नातीचं उतरवलंत. तिचं खिदळणं माझ्या कानात आहे ते त्याच सणाचं. ते तुम्ही दिलंत. ते मी परत करणार नाही.

सुनेलाही विचारलं, "तुजा राग हाय का गं त्यांच्यावर?" तिनं आधी पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "हुता, आत्याबाई. आता त्यांची आठवन येती." हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे, तेव्हा माझ्यावर नसेल तर त्यावर विश्वास ठेवा.

तर सत्काराला या. शाल कोमलची आई घालेल. भाषणं लांबली तर मी नुसती खोकेन, मंडळी आपोआप पांगतील.

देवानं तुम्हाला लांब आयुष्य द्यावं. गुडघे चालते ठेवावेत, जीभ आहे तशीच ठेवावी, पुढच्या पोरींना तिची गरज आहे. आणि रोज जेवताना तुमच्या समोर कुणीतरी बोलणारं असावं. पहिल्या दिवशी मी बसते.