डावा कान

ईरा, निखिल, गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही विचारलंत, वालूरचे अण्णाआजोबा गेले तर आजी रडायचं सोडून अशी गोंधळल्यासारखी का बोलते आहे. सगळं जागच्या जागी लावून ठेवायच्या माझ्या सवयीवरून तुम्ही मला चिडवता. पण ही एक गोष्ट काही केल्या जागेवर बसेना. तुम्ही इतके लांब, फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. लिहून तरी बसते का बघू...

अण्णा माझा थोरला भाऊ. निरोप मिळाल्यावर मी वालूरला पोचले तेव्हा त्याला शेतात नेत होते. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात, हे तुम्ही पाहिलेलं नाही. कपाळभर विभूती लावून अण्णा बसला होता, आणि मला वाटलं, हा आत्ताच त्याच्या त्या जुन्या मोटारीखालून निघून जरा टेकलाय. त्याच्या कपाळावर विभूती आणि बोटांना वंगण, हे दोन्ही एकदमच असायचं. त्या दिवशी बोटं स्वच्छ होती, ते मला फार विचित्र वाटलं.

ती मोटार एका जहागीरदाराने टाकून दिलेली, अण्णाने चालती करून दुकानाची सरकी वाहायला लावलेली. निजामाचं राज्य होतं, दुसरी लढाई चालली होती, सुटा भाग म्हणून मिळत नसे. अप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, सरकीचं दुकान होतं आणि मोटार त्यांना मुळीच आवडत नसे. आमच्याकडचे रस्ते म्हणजे काळ्या मातीत बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. मोटारीची मागची बाजू लोखंडी पाट्यांवर तोललेली असते आणि त्या पाट्यांची टोकं सांगाड्याला धरून ठेवायला दोन्ही अंगांना लोखंडी कड्या असतात. अण्णा त्यांना 'कान' म्हणायचा. चाकोरीत दणके बसून बसून हे कान तडकायचे, त्यातही डावा, कारण सरकीची पोती नेहमी त्याच अंगाला पडत.

तडा डोळ्याला दिसत नाही. अण्णा कान रॉकेलने पुसायचा, थोडं मुरू द्यायचा, मग कोरडा करून त्यावर विभूती चोळायचा. तडा असला की आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर काळी रेघ उमटायची. देवघरातली विभूती संपायला लागली तेव्हा अप्पांच्या हे लक्षात आलं. "विभूती कपाळाला लावायची का लोखंडाला?" त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाला, "अप्पा, कपाळावर काईच उमटत न्हाई. हितं उमटतं." त्यानंतर दोघं बरेच दिवस आईच्या मार्फत बोलत होते.

त्याच सुमाराला माझ्या शिक्षणाचं निघालं. हैदराबादला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकायची सोय झाली होती, एक नातेवाईक ठेवून घ्यायला तयार होते. अप्पांचं एकच उत्तर, "पोरीला काय तालुकदार करायचीय का?" तालुकदार म्हणजे तेव्हाचा कलेक्टर. अप्पांना मी एकटी परमुलखात नको होते, आणि वरून माझ्यासाठी एक स्थळही आलं होतं. ठरल्या दिवशी शाळेत पोचले नसते तर जागा गेली असती आणि लग्न ठरलं असतं. अण्णाने मला हळूच सांगितलं, "अप्पा लिंगपूजेला बसले की निघायचं. पूजेतून ते उठत न्हाईत." तसेच निघालो. मोटारीचा आवाज अप्पांना नक्की ऐकू आला असणार. पण ते उठले नाहीत.

हैदराबादची आगगाडी सेलूला मिळायची. सेलूच्या वाटेवर एक नाला आहे. त्याच्या उतारावर मागून कडाडकन आवाज आला आणि मोटार डाव्या ढुंगणावर बसली. तुम्हाला हसू येईल, पण अगदी तशीच बसली. अण्णा खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, "गेला कान." समोरून सरकीची बैलगाडी घेऊन गावाकडे जाणारे आमच्या गावातले लक्ष्मणमामा आले. अण्णाने त्यांच्याकडे निरोप दिला, "अप्पास्नी सांगा, डावा कान तडकलाय, हलता येत न्हाई. छकडा पाठवा." ज्या माणसापासून लपून आपण पळतोय त्याच्याचकडे हा निरोप का धाडतोय, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलंच नाही. मी आपली ट्रंकेवर बसून रडत होते.

लक्ष्मणमामांना मोटारीला कान असतो हे कुठून माहीत असणार? त्यांनी गावात सांगितलं की अण्णाचा डावा कान फाटलाय, माणूस जागचा हलंना. अण्णाची जीभ तिखट. कुठेतरी हमरीतुमरी होऊन मार खाल्ला, असं आईने धरलं. अप्पांनी पूजेच्या वस्त्रांवरच छकडा जुंपला, आईने हळद आणि पट्टीला जुनं धोतर घेतलं, आणि वाटेत जो भेटेल त्याला अप्पा सांगत आले की पोराला सेलूच्या दवाखान्यात नेतोय.

ते आले तेव्हा अण्णा मोटारीखाली होता. नुसते पाय दिसत होते. आईने तिथेच हंबरडा फोडला. अण्णा घाबरून बाहेर आला. अप्पांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, इकडे वळवलं, तिकडे वळवलं. दोन्ही कान जागेवर.

"कोणता?" अप्पांनी विचारलं.

अण्णाने खाली बोट दाखवलं. "ह्यो."

अप्पा नाल्याच्या काठावर मटकन बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गावभर सांगून आलोय, सेलूला जातो म्हणून. आता सेलूला गेल्याबिगर वापस कसा जाऊ? उचल ती ट्रंक." आणि मी उठायच्या आत ती त्यांनीच छकड्यात ठेवली. सेलूच्या स्टेशनावर आगगाडी हलली तेव्हा आईच्या हातातलं ते जुनं धोतर अप्पांनी खिडकीतून माझ्याकडे दिलं. का, ते त्यांनाही माहीत नसावं.

अण्णाने बाभळीचा ठोकळा सांगाड्याखाली घालून, चऱ्हाटाने आवळून मोटार गावात नेली. लोहाराकडून बैलगाडीच्या चाकावरच्या धावेच्या लोखंडाचा नवा, जाड कान करवून घेतला. पुढे पोती दोन्ही अंगांना सारखी भरायची, पाट्यांचे नट दर आठवड्याला आवळायचे, कानातल्या खिळ्याला वंगण द्यायचं, हे त्याने कधी चुकवलं नाही. तडा बारीक असतानाच त्याच्या टोकाला भोक पाडायचं, म्हणजे तो तिथेच थांबतो, हेही तो येईल त्याला सांगायचा. तो कान पुन्हा तडकला नाही. मी सुट्टीत आले की त्या दिवसावर आम्ही नुसते हसायचो. तो निरोप अप्पांकडेच का धाडला, हे विचारायचं राहून गेलं.

पाहुणे पांगल्यावर वहिनीने फडक्यात गुंडाळलेला तो जुना कान माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुमालाच द्यायचा म्हणायचे." मी तो उजेडात धरला. तड्याच्या मध्यावर एक भोक आहे, आणि तडा भोकाच्या पलीकडे जाऊन कान तुटला आहे. म्हणजे भोक आधीचं. म्हणजे तडा त्याला निघायच्या आधीच दिसला होता. वहिनीला विचारलं. ती तेव्हा घरात नवीन होती. "आदल्या दिशीच विभूती लावून बघितलं की. मला म्हणले, नाल्यापर्यंत निघंल." मी पुन्हा विचारलं, नाल्यापर्यंत, की नाल्यापल्याड? वहिनी म्हणाली, "आता न्हाई सांगता येत, ताई. दोन्हीपैकी एक म्हणले."

यावर मी किती विचार केला आहे! त्याला कान नाल्यातच तुटायला हवा होता का? अप्पा धावत येतील, आणि आलेले अप्पा रिकामे परत जाणार नाहीत, एवढं त्याने ओळखलं होतं का? की भोक पाडलंय, आता तडा थांबेल, अशा साध्या भरवशावर तो मला घेऊन निघाला, आणि बाकी सगळं लक्ष्मणमामांच्या ऐकण्याने झालं? एक दिवस एक खरं वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. आणि अप्पा मोटारीचा आवाज ऐकून पूजेतून उठले नाहीत, ते पूजा म्हणून, की... हेही आता कुणाला विचारू?

मोटार भंगारात गेली, अप्पांचं दुकान गेलं, नाल्यावर पूल झाला. तो डावा कान माझ्या टेबलावर आहे. त्याच्या तड्यात अजून विभूती आहे.